सत्ता देऊ नकोस, मान दे

प्रश्न देवगडहून आला आहे. विचारणारी मुलगी 24 वर्षांची. तिचं म्हणणं थोडक्यात असं: पिअर्स अँथनी या लेखकाची 'इनकार्नेशन्स ऑफ इममॉर्टॅलिटी' ही इंग्रजी कादंबरी-मालिका तिने वाचली. मृत्यू, काळ, दैव, युद्ध, निसर्ग ही त्यात पदं आहेत, आणि त्या पदांवर तुमच्याआमच्यासारखी माणसं बसतात. तशी पाच पुस्तकांची मालिका तिला मराठीत लिहायची आहे, आपल्या किनाऱ्यावर घडणारी. पहिल्या पुस्तकाची 40 पानं झाली. आठव्या पानावर तिचा नायक, ट्रॉलरवरचा खलाशी, मृत्यू होतो आणि तिथून पुढे 32 पानं गाडी रुतलेली. "तो काहीही करू शकतो, त्यामुळे काहीच करत नाही," हे तिचंच वाक्य. शिवाय दोन पोटप्रश्न: मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत? आणि देवांची नावं वापरली तर गाव अंगावर येईल का? शेवटी लिहिलंय, "तुमच्या मुलीच्या वयाची आहे, अगं-तुगं करा." तर करतो.

अगं, दुखणं तुझ्याच वाक्यात आहे. तू त्या पोराला सत्ता दिलीस. त्याला मान द्यायला हवा होता.

मान म्हणजे काय हे देवगडच्या मुलीला सांगायला नको. गावऱ्हाटीत, म्हणजे देवाभोवती बांधलेल्या गावाच्या व्यवस्थेत, बारा-पाचाचे वंशपरंपरेचे मानकरी असतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, तरंग म्हणजे देवांचे सजवलेले खांब कोणी धरायचे, देवापुढे गाऱ्हाणं कोणी घालायचं, हे सगळं ठरलेलं. यातल्या कुणाच्या हातात शक्तीबिक्ती नसते. हातात असतं काम, त्याची ठरलेली वेळ, ठरलेली रीत, आणि चुकलं तर जाब विचारणारा गाव. मान या शब्दाचा दुसरा अर्थ गळा होतो, आणि जू तिथेच ठेवतात, हा मला कधी नुसता योगायोग वाटला नाही.

हे मी पुस्तकं वाचून शिकलो नाही. गेली 30 वर्षं दशावतारात, आपल्या कोकणातल्या रात्रभराच्या लोकनाट्यात आहे, त्यातली पहिली काही स्त्रीपार्टीची, म्हणजे बायकांच्या भूमिकांची. एकोणिसाव्या वर्षी एका जत्रेत सावित्रीचं आख्यान लागलं आणि यम करणारा गडी तापाने फणफणलेला. मंडळीच्या मालकांनी माझी सावित्री दुसऱ्याला दिली आणि मला म्हणाले, रंग लाव. आपल्याकडे लिहिलेली संहिता नसते हे तुला ठाऊक असेल. आख्यान सांगतात, प्रवेश लावून देतात, बोलायचं ज्याचं त्याने. मी बाकड्यावर पाय ठेवून दहा मिनिटं नुसता गर्जत होतो. पोरं हसायला लागली. आत आलो तेव्हा मालक पेटीवरून न उठताच म्हणाले, "मेल्या, यम होवचो नसता, यमाचा काम करूचा असता. तुका घराक जावची घाय आसा, आनि ह्या बायलेन तुझी वाट अडवल्यान."

एवढंच. पण त्या एका वाक्याने यम माझ्या हाती लागला. तो कामावर आलेला माणूस आहे. पुढची गावं पडली आहेत, आणि ही बाई मागे चालत येते आहे, गोड बोलते आहे, शास्त्र सांगते आहे. सत्यवानाचा प्राण सोडून काहीही माग म्हणत तो एकेक वर देत सुटतो, आणि चौथ्या खेपेला तिला शंभर पुत्र देऊन बसतो. नवऱ्याशिवाय ते होणार कसे? तिथे तो स्वतःच्या शब्दात अडकतो. सावित्रीने यमाला ताकदीने हरवलेलं नाही, त्याच्या पदाच्या नियमात तिने फट शोधली. तुझ्या 32 पानांत ही फट नाही, कारण मुळात नियमच नाही.

त्याच कथेत आणखी एक धागा आहे, महाभारताच्या वनपर्वातला. सावित्री यमाला विचारते, माणसं न्यायला तुमचे दूत येतात असं ऐकलं होतं, मग तुम्ही स्वतः कसे? यम सांगतो, हा धर्मात्मा आहे, दूतांनी न्यावा असा नाही, म्हणून मी आलो. आता अँथनीचं 1983 चं पहिलं पुस्तक, 'ऑन अ पेल हॉर्स', आठव. तिथला मृत्यूही प्रत्येकाकडे जात नाही. ज्यांचं पाप-पुण्य अगदी काट्यावर आलंय, त्यांच्याचकडे त्याला जातीने जावं लागतं. बाकीचे आपापल्या वाटेने वर किंवा खाली जातात. दोन्हीकडे एकच हिशेब दिसतो: पदावरच्या माणसाने स्वतः जायचं ते कुणाकडे? हे ठरलं की कथा निम्मी उभी राहते.

का, ते आकड्यांनी बघ. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी सात धरलं, तर वर्षाला सहा हजारांच्या घरात, म्हणजे दिवसाला सोळा. वैभववाडीपासून दोडामार्गापर्यंत सोळा घरं, एक माणूस. तो जेवणार कधी? मग तू त्याला उडायला लावणार, वेळ थांबवायला लावणार, आणि पुन्हा तो "काहीही करू शकतो" होणार. म्हणून चाळणी लाव. आणि ती पाप-पुण्याची नको, ती त्या मालिकेची आहे. तुझा नायक खलाशी आहे. त्याच्याकडे फक्त पाण्यावर मरणारे दे. किंवा ज्यांच्या उशाशी शेवटच्या घटकेला कुणी नाही, ते. आपल्या गावांतून अशी घरं किती आहेत, तू जाणतेस: मुलगा मुंबईला, मुलगी पुण्याला, आणि मोठ्या घरात एकटी म्हातारी, अंगणात वाळत घातलेली कोकमं. त्या म्हातारीकडे कुणी जायचं? ज्याला पाठवलंय तो. आणि तो गेल्यावर ती आधी विचारणार, "खयचो रे तू? कोणाचो?" मृत्यूला आपलं गाव आणि बापाचं नाव सांगावं लागेल, मग चहा घ्यावा लागेल. हा प्रसंग मला आत्ता लिहिता लिहिता सुचला, तुला दिला.

आता पद कसं मिळतं ते. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझं आठवं पान इथेच बुडालंय. तू लिहिलंस: वादळात लाट आली, तो बुडाला, डोळे उघडले तर मृत्यू झाला होता. म्हणजे त्याने काही केलं नाही, त्याला कुणी निवडलं नाही, आधीचा कोण होता तेही कळलं नाही. इंग्रजी पुस्तकात बघ, नायक जीव द्यायला निघालेला असतो, दार उघडून मृत्यू आत येतो, दचकून हा त्याच्यावरच गोळी झाडतो. आणि जो मृत्यूला मारील त्यानेच मृत्यूचं काम पुढे चालवायचं, असा तिथला कायदा. एका क्षणात गुन्हा, वारसा आणि शिक्षा तिन्ही येतात. शिवाय पुढे कायमची टांगती तलवार, की उद्या मलाही कुणी असंच मारील. युक्ती अव्वल आहे, म्हणूनच ती पुन्हा वापरता येणार नाही.

आपल्या घरात मात्र याच्या कितीतरी तऱ्हा पडून आहेत. मुळात यम हाच पहिला मेलेला माणूस. अथर्ववेदात तसं स्वच्छ म्हटलंय, मर्त्यांत जो पहिला मेला तो. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, पुढच्या सगळ्यांसाठी वाट शोधून काढणारा म्हणून त्याला हाक आहे. पहिला गेला म्हणून पुढच्यांना वाट दाखवायचं काम गळ्यात पडलं. तुझ्या खलाशाला हा वारसा आयता बसतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा सरकतो तेव्हा पहिली होडी जी आत घालेल तिच्या मागून बाकीच्या जातात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असणार.

मग नहुष. वृत्रवधानंतर इंद्र लपून बसला तेव्हा देवांनी एका माणसाला, नहुष राजाला, इंद्रपदावर बसवलं. ज्याच्याकडे बघेल त्याचं तेज त्याला मिळावं असा वरही दिला. झालं, डोकं फिरलं. इंद्राच्या बायकोवर, शचीवर डोळा, ऋषींच्या खांद्यावर पालखी, अगस्त्यांना लाथ, आणि शेवटी अजगर होऊन अरण्यात. ही तुझ्याच विषयावरची कथा आहे, तीही उद्योगपर्वात. चूक काय झाली? पद दिलं, वर दिला, रीत दिली नाही. तुझ्या आठव्या पानावर तू देवांचीच चूक केली आहेस.

तिसरी माझी लाडकी. मांडव्य ऋषींना लहानपणी कीटकांना काडी टोचल्याबद्दल सुळावर चढावं लागलं. त्यांनी यमाला खडसावलं की पोरवयातल्या अजाणपणाला एवढी शिक्षा नसते, चौदा वर्षांपर्यंतचं कृत्य पाप धरायचं नाही हा आता माझा नियम, आणि तू माणूस होऊन जन्म घे. यम विदुर झाला. मग यमलोक चाललं कसं? भागवतात एका ओळीत उत्तर आहे: तेवढी शंभर वर्षं अर्यमा या देवाने यमाचा दंड धारण केला. म्हणजे प्रभारी! सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. साहेब रजेवर, चार्ज दुसऱ्याकडे, आणि सही कुणाची चालेल यावरून गोंधळ. प्रभारी मृत्यूच्या काळात मेलेल्यांचे हिशेब कायम झालेल्या मृत्यूने मान्य केले नाहीत तर? घे, अख्खं दुसरं पुस्तक.

आणि चौथी, जी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. महाभारतात मृत्यू ही स्त्री आहे. ब्रह्मदेवाने तिला निर्माण करून काम सांगितलं तर ती रडायला लागली. मला हे जमणार नाही म्हणाली. ते टाळण्यासाठी तिने हजारो वर्षं तप केलं. ब्रह्मदेवाने तिचे अश्रू ओंजळीत धरले होते, त्यांचेच पुढे रोग झाले, जेणेकरून माणसं रोगाने मरतील आणि तिच्या माथी दोष येणार नाही. ज्या परंपरेत मृत्यूच नको म्हणून रडतो, तिथला तुझा नायक पद मिळताच एकदाही "मला नको" म्हणत नाही, हे मला पटत नाही.

या सगळ्याला आपल्या मातीतली एक रीत जोड: कौल. देवाला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ लावतात, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. इथे निवड माणसाच्या हातात नाही आणि ती आंधळीही नाही. गाव समोर बसून बघत असतो. समज, तुझ्या गोष्टीतल्या गावात म्हातारा मृत्यू थकलाय आणि नवा मानकरी ठरवायला कौल लावलाय. भावकीतली अकरा नावं. दहांना डावा. अकरावा परळला किंवा नालासोपाऱ्याला राहतो, गणपतीला कोकण रेल्वेने येतो आणि दीड दिवसाने परत जातो. त्याला उजवा पडतो. आता? घरात सातबारावर वीस नावं, कुळाच्या मानावरून आधीच बोलणं बंद, आणि हा म्हणतो मला रजा नाही. मानावरून देवळांना कुलपं लागलेली आपण पाहिली आहेत, मृत्यूचा मान म्हटल्यावर उलटी भांडणं लागतील, "तुमच्याकडेच राहू दे." यात विनोद आहे आणि विनोदाच्या खाली भीती आहे. गंभीर तोंड करून लिहिलेल्या अद्भुतकथा मला झोप आणतात, हा माझा दोष समज.

पद मिळाल्यावर घराचं काय होतं, हे अजून कुठेच आलेलं नाही तुझ्या पानांत. ज्याच्या अंगात अवसर येतो असा एक माणूस आमच्या वाडीत होता. जत्रेच्या रात्री अख्खं गाव त्याच्यापुढे हात जोडून उभं, थोरले थोरले लोक त्याला "महाराजा" म्हणून विनवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो रेशनच्या रांगेत, आणि मागचा त्याला "सरक रे पुढे" म्हणतो. मला त्या रांगेतलं त्याचं तोंड आठवतं. काल रात्री आपण काय बोललो ते त्याला आठवत नसे, लोक सांगत. आमचंही वेगळं नाही, "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" असं दशावतारी माणसाबद्दल म्हणतातच. रात्रभर मुकुट घालून बसलेला पहाटे रंग पुसतो, पेटारा उचलतो आणि पुढच्या गावाची गाडी धरतो. तुझ्या मृत्यूची बायको पापलेट साफ करताना त्याला काय म्हणते? कुणाकडे जाऊन आलास हे ती विचारते की विचारायचं नाही असं ठरलंय? तिच्या आईचं नाव यादीत आलं तर तो घरी सांगतो? ही चार पानं नीट लिहिलीस तर बाकीच्या जादूला वाचक आपणहून मान डोलावेल.

आता पुढच्या पुस्तकांकडे. तुझी पाच पदं आहेत: मृत्यू, काळ, दैव, पाऊस, समुद्र. मी चार करीन. काळ आणि समुद्र एक कर. अँथनीच्या दुसऱ्या पुस्तकात, 1984 च्या, काळाच्या पदावरचा माणूस पद घेतल्यापासून उलटा जगत जातो, आपल्या जन्माच्या क्षणाकडे. त्याला भेटणारे त्याला ओळखत असतात आणि तो त्यांना नाही. कल्पना झकास आहे, पण सांभाळता सांभाळता त्याचीही दमछाक झाली असं माझं मत. आपल्याकडे काळ मोजायचं घड्याळ दाराशी आहे. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात, हे तुझ्या आजोबांना विचार. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, आणि रोज साधारण पाऊण तास पुढे. पुनव-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. आता काळाचा मानकरी असा धर, की त्याला भरतीबरोबर जागं व्हावं लागतं. आज सकाळी सहाला उठला तर उद्या पावणेसातला, आठवड्याने दुपारी, पंधरवड्याने दिवेलागणीला. असा नवरा, असा बाप, असा शाळामास्तर कसा जगेल? त्याला कुठलीही शक्ती न देता तू त्याला गावापासून तोडलंस. आणि तो एक दिवस झोपून राहिला तर भरती येणार नाही. खाडीत सगळ्या होड्या चिखलात बसलेल्या.

दैवासाठी त्या इंग्रजी मालिकेत तीन बायका एका देहात राहतात, सूत काढणारी, मापणारी, कापणारी. ते ग्रीकांचं, ते तिकडेच राहू दे. आपली सटवी आहे. पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाणारी, जिच्यासाठी कागद-लेखणी ठेवतात. तुझी सटवी एखादी निवृत्त सुईण कर. पूर्वी ती घरोघर जायची, प्रत्येक बाळंतिणीची खोली तिला पाठ. आता बाळंतपणं दवाखान्यात. नॉर्मल झालेली दोन-तीन दिवसांत घरी जाते, पण सिझेरियन झालेली पाचव्या रात्री बहुधा वॉर्डातच असते. म्हणजे हिला रात्रपाळीच्या नर्सची नजर चुकवून ट्यूबलाइटच्या उजेडात सहा पाळण्यांवर लिहायचंय, आणि पाळणे सारखे दिसतात. एकदा चुकून दुसऱ्याच कपाळावर लिहिलं गेलं. मालिका भर पकडते ती अशा चुकीवर.

पाऊस सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात अवघड आहे. वाहनं तुला पंचांगात आयती मिळतील: बेडूक, उंदीर, म्हैस, मोर, मेंढा, कोल्हा, गाढव, घोडा, हत्ती, अशी नऊ. मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्र तेरा-चौदा दिवसांनी बदलतं तसं वाहन बदलतं. पण वाहनाच्या गंमतीत अडकू नकोस. पावसाच्या मानकऱ्याचं दुःख वेगळं आहे. एकाच्या उशिराच्या भाताला हवा तो पाऊस नेमका दुसऱ्याच्या लवकरच्या भाताच्या मळणीत पडतो. डिसेंबरात मोहोर फुलला असताना सर आली की तुझ्या देवगडच्या बागायतदाराची झोप उडते, आणि त्याच सरीने खळ्यावरची सुकत घातलेली मासळी कोळणीच्या डोळ्यांदेखत जाते. तो ज्याचं ऐकेल त्याच्या शेजाऱ्याचा घात. त्याला रोज गाऱ्हाणी येतात, एकमेकांच्या उलट, आणि प्रत्येकाच्या शेवटी "व्हय महाराजा". मी हे पुस्तक शेवटी ठेवीन.

मालिका एकत्र बांधायची कशी, याबद्दल त्या इंग्रजी मालिकेचं मोठेपण मान्य करायलाच हवं. एकच प्रसंग वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळ्या पदाच्या डोळ्यांनी येतो, आणि ज्याला पाच पुस्तकं आपण खलनायक समजतो, त्या सैतानालाही पुढे स्वतःचं पुस्तक मिळतं; तोही कधीकाळचा साधा माणूस निघतो. बाकी काही ठिकाणी दाताखाली खडा येतो. स्त्री पात्रांना तो लेखक वरवर सिंहासन देतो आणि आत पाहुणीसारखं वागवतो. युद्धाच्या पुस्तकातला तोतरा भारतीय राजपुत्र कल्पना म्हणून छान, पण त्याचा हिंदुस्थान फार लांबून पाहिलेला आहे. ते तू घेऊ नकोस.

तुझ्यासाठी सामाईक प्रसंग म्हणून एक वादळ पुरेसं आहे. खरं वादळ वापरू नकोस, 3 जून 2020 चं 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या लोकांच्या अजून अंगावर आहे; पडलेल्या सुपारीच्या जागी लावलेली रोपं धरायला पाच-सहा वर्षं जातात, तेवढ्यात दुःखाची गोष्ट करू नये. आपलं वादळ रच, पण त्याचं दप्तर ठेव. वहीत उभे चार रकाने: मृत्यू, काळ, दैव, पाऊस. आडवी तासाची ओळ. रात्री दोन वाजता कोण कुठे होता, कुणाने कुणाला पाहिलं, कोण खोटं बोललं. हे पहिलं पुस्तक छापायच्या आधी पुरं व्हायला हवं, नाहीतर तिसऱ्या पुस्तकात पहिल्यातलं वाक्य तुझा पाय धरील. मी एकदा तीन कथांची साखळी लिहिली, तिच्यात दुसऱ्या कथेत मेलेली म्हातारी तिसरीत पान लावत बसली होती. एका वाचकाने पोस्टकार्डावर फक्त "आजी बऱ्या आहेत ना?" एवढंच विचारलं.

आणखी एक जागा बघून ठेव. आचऱ्याची गावपळण. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर, तीन दिवस आणि तीन रात्री. घरं ओस, चुली थंड. तसं रिकामं गाव आणि त्यात नेमून दिलेल्या कामासाठी शिरलेला तुझा खलाशी, हे चित्र मला सोडत नाही. यादीत नाव आहे, घरात माणूस नाही. मात्र गाव काल्पनिक घे.

यातूनच तुझा शेवटचा प्रश्न निघतो. नांदत्या देवाचं नाव घेऊ नकोस, पद घे. आरवलीच्या वेतोबाला वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला तू पाहिल्या असशील. रात्री गाव राखताना तो त्या झिजवतो अशी श्रद्धा. त्यातून शिकायचं ते एवढं, की राखणदाराच्याही चपला झिजतात. तुझ्या मृत्यूच्या चपला झिजू दे, वेतोबाला कथेत ओढू नकोस. मी एकदा एका गावाचं खरं गाऱ्हाणं जसंच्या तसं कथेत घातलं होतं. तिथले एक वयस्क मानकरी घरी आले, पाणीसुद्धा घेतलं नाही, म्हणाले, "हे आमच्या तोंडातलं आहे, कागदावरचं नाही." दुसऱ्या आवृत्तीत मी ते काढलं. कायद्याने कुणी मला अडवलं नसतं. पण ते बरोबर होते.

भाषेचं उत्तर आमच्या रंगभूमीवर तयार आहे. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, संकासुर येतो तो काळ्या वेषात, वेद पळवणारा राक्षस, आणि तो मालवणीत बोलतो. भटजीची फिरकी घेतो, पोरं त्याच्यावर जीव टाकतात. पुढे आख्यानात राजे-देव येतात ते भरजरी मराठीत. हाच नियम उचल. तुझी माणसं पदाच्या अंगाने बोलतील तेव्हा प्रमाण मराठी, जराशी जुनी, तोलून; घरी आली, रागावली, घाबरली की मालवणी. मग एखाद्या प्रसंगी मृत्यू म्हणून बोलता बोलता त्याच्या तोंडून एक मालवणी शब्द निसटेल, आणि समोरच्या म्हातारीला कळेल की हा आपल्यातलाच कुणीतरी आहे. असा शब्द पुस्तकात एकदाच निसटू दे. निवेदन मात्र साधं ठेव, नाहीतर घाटावरचा वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल.

आता लगेच करायचं काम. पान आठ ते चाळीस बाजूला ठेव, फाडू नकोस. त्यात 27 व्या पानावर तो बंदरावर उभा राहून पेज पितो आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही, तो परिच्छेद चांगला आहे, तो पुढे लागेल. आठव्याच्या जागी नवा प्रसंग लिही: आधीचा मानकरी याला काम समजावून देतोय. लाट नको, वादळ नको. दोघे पडवीत बसलेत, म्हाताऱ्याच्या हातात यादीची वही, तो चष्मा शोधतोय. काय करायचं ते तो सांगतो, काय करायचं नाही ते सांगतो, आणि एक गोष्ट मुद्दाम सांगत नाही. ती कोणती, हे तुला आधी ठाऊक हवं. सहा पानं, जास्त नको.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर आमचे दहीकाले, म्हणजे जत्रांतले प्रयोग, सुरू होतील. तुमच्या बाजूला आलो की ती सहा पानं घेऊन ये. अकरानंतर ये, तेव्हा आम्ही रंगाला बसलेलो असतो. आणि मी पेटाऱ्यापाशी डोळे मिटून बसलेला दिसलो तर थोडं थांब, आख्यान नुकतंच सांगितलेलं असेल.